माझं बोलणं तिला लागेल म्हणून

आधी चाचीचं सांगतो, माझं नंतर. तिचं नाव इथं लिहिणार नाही. तिनंच दम दिला आहे, "माह्यं नाव कागदावर टाकशीन तं पायजो मंग." म्हणून नुसतं चाची. अकोल्याच्या फळबाजारात तिचं संत्र्या-मोसंब्यांचं गोदाम आहे. दारात प्लास्टिकची लाल खुर्ची टाकून ती दिवसभर बसते, आणि बाजारातले मोठे मोठे व्यापारी तिच्यासमोरून जाताना सलाम करून जातात. आज माझी मुलगी फोनवर माझ्याशी बोलते, हट्ट करते, रुसते, ते या बाईमुळे.

आता हेही कबूल केलं पाहिजे, की माणूस अडखळत का बोलतो यातलं चाचीला काही कळत नव्हतं. आमच्या आईला जेवढं कळत होतं तेवढंच. पोपटानं चोच मारलेला पेरू खाल्ला की जीभ मोकळी होते, असं चाची आजही म्हणते. तरी उपकार तिचेच. कसे, ते सांगतो. लिहिताना मी अडत नाही, त्यामुळे जरा लांबेल.

मी लहानपणापासून अडखळत बोलतो. शब्द माहीत असतो, तोंडाशी आलेला असतो, आणि ऐनवेळी घसा आतून कडी लावल्यासारखा बंद होतो. मी ढकलत राहतो. समोरचा माणूस माझ्या तोंडाकडे पाहत राहतो, मग जमिनीकडे पाहतो, मग माझा शब्द तोच बोलून टाकतो. बहुतेक वेळा चुकीचा.

आमचं गाव धारणीच्या पुढं, मेळघाटात. घरची थोडी वाडी, वांगी आणि टमाटे. गावात मला 'हकल्या' म्हणत, आणि मी असा का झालो याचं कारण ज्याच्या त्याच्याजवळ वेगळं होतं. आई म्हणायची, तू पोटात होता तेव्हा ग्रहणात माझ्या हातून विळीवर भाजी चिरली गेली. बाबा म्हणायचे, पोट्टं विहिरीत पडता पडता वाचलं, तेव्हाचं भेव बसलं आहे. आत्या म्हणायची, दात यायच्या आधी याला आरसा दाखवला. आणि शेजारच्या आजोबांचं म्हणणं, की गावात एक तोतरा गुराखी येत असे, मी त्याची नक्कल करायचो, ती नक्कल मला लागली.

कारण बदललं की उपाय बदलायचा. जिभेवर वेखंड घासून झालं, शंखातलं पाणी पिऊन झालं, जिभेखाली गोटी धरून गावभर हिंडून झालं. एकदा ती गोटी मी गिळली. आई दोन दिवस देवासमोर बसून होती. एकानं सांगितलं, जिभेखालची शीर कापून टाका. बाबा तयारही झाले होते, पण कापणाऱ्या माणसाला पाहून आईनंच मला घरी ओढत आणलं. या माणसांपैकी कुणीही माझं वाईट चिंतणारं नव्हतं. सगळे माझ्यासाठीच धावत होते, फक्त प्रत्येक जण वेगळ्या दिशेला.

शाळेत हजेरीला "हजर" म्हणावं लागायचं. तो 'ह' माझा वैरी. माझा नंबर आला की तो निघायचाच नाही. मी नुसता हात वर करायचो, गुरुजी म्हणायचे तोंड नाही का. पण सकाळची प्रार्थना आणि प्रतिज्ञा सगळ्यांबरोबर म्हणताना मी कधीच अडत नव्हतो, एका अक्षराला नाही. गुरुजींनी ते पाहिलं. म्हणाले, "प्रार्थनेले बरा बोलतं बुवा. उत्तर द्याले आलं की ढोंग करतं काय?" पोरं हसली. त्यांचं तरी काय चुकलं, मलाही वाटायला लागलं की मी ढोंगच करत असेन. सातवीत मी शाळा सोडली. घरी सांगितलं, वाडीत काम आहे.

या सगळ्या कारणांमधलं एक मात्र माझ्या मनात रुतून बसलं. ग्रहण, आरसा, भीती यातलं मला काही आठवत नव्हतं. पण तो गुराखी आठवत होता. त्याची मी नक्कल केलेली आठवत होती. म्हणजे ऐकून लागतं, हे मला पटलं होतं.

लग्न झालं. बायको बोलकी मिळाली, तिनं माझे अर्धवट शब्द कधी पुरे केले नाहीत. तिला तशी सवयच नाही, ती भाकरी थापत राहते आणि माझं वाक्य संपायची वाट पाहते. मुलगी झाली. ती लवकर बोलायला लागली, लय बोलायची. कोंबडीशी बोलायची, चपलेशी बोलायची. आणि एक दिवस ओसरीत बसून तिनं हाक मारली, "आ-आ-आ-आई."

मी दारात उभा होतो. माझ्या हातातला पाण्याचा पाईप तसाच राहिला, वाडीभर पाणी झालं.

आठ-पंधरा दिवसांत सगळ्यांच्या लक्षात आलं. आई चुलीपाशी बसली होती. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बापाचं आयकून आयकून लागलं लेकराले. दुसरं काय." ती वाईट मनानं बोलली नाही. मी जे आधीच धरून बसलो होतो तेच बोलली.

त्यानंतर मी मुलीसमोर बोलायचं सोडलं. घरात बोलायचंच सोडलं. पण बाप घरात असून बोलत नाही, हे लेकराला कसं समजावणार? ती माझ्या मांडीवर चढून माझे ओठ बोटांनी उघडायची. मला ते सहन होईना. मग मी ठरवलं, की लांब जायचं. आपण इथं नसलो म्हणजे आपला आवाज इथं नसेल, आणि तिचं आपोआप बरं होईल. बायको म्हणाली, "लेकरू बापाविना वाढवाचं काय? हे कोन सांगतलं तुमाले?" मी पिशवी भरत राहिलो.

धारणीहून परतवाडा, परतवाड्याहून अकोला. कंडक्टरनं "कुठं?" विचारलं आणि 'अकोला'चा 'अ' काही केल्या निघेना. मागं माणसं खोळंबलेली. मी म्हणालो, "शेवटपर्यंत." गाडी वाशीमची होती. तिकीट वाशीमचं काढून मी अकोल्याला उतरलो. माझ्यासारख्यांना हे नवीन नाही. जो शब्द निघतो त्याच्या मागं आम्ही जातो.

चाचीच्या गोदामात काम मिळालं ते बोलावं लागत नाही म्हणूनच. ट्रकमधून संत्र्यांची कॅरेटं उतरवायची, आत नेऊन लावायची, मऊ पडलेली फळं वेगळी काढायची. पण तिथली एक रीत होती. माल उतरताना देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं एका सुरात मोजायचं, म्हणजे नंतर वाद नको. घेणारी म्हणजे खुर्चीत बसलेली चाची, देणारा म्हणजे ट्रकवर उभा असलेला मी. आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. चाचीच्या गोदामात पहिल्या कॅरेटला 'बरकत' म्हणायचं. बरकत, दोन, तीन, चार, असं गाण्यासारखं लांबवत. पहिल्या दिवशी मला घाम फुटला होता. पण चाचीचा आवाज सुरू झाला आणि त्याच्या बरोबरीनं माझाही निघाला. पूर्ण ट्रक खाली होईपर्यंत मी एकदाही अडलो नाही.

ट्रक खाली झाल्यावर तिनं विचारलं, "नाव काय रे तुह्यं?" आणि मी माझ्या नावावरच अडलो. चाची भुवया वर करून पाहत राहिली. "मोजताना तं तोफेवानी सुटला होता. आता काय झालं?"

मी मान खाली घातली. पुन्हा तेच, ढोंग.

चाचीच्या दुःखाचंही इथंच सांगून ठेवतो, पुढं लागेल. सकाळी बाजारात मालाची हर्रास होते. ओट्यावर उभं राहून एक जण मालाचा भाव पुकारतो, व्यापारी वाढवत जातात. चाचा होते तेव्हा स्वतःच्या मालाची बोली स्वतः पुकारायचे. त्यांचा आवाज म्हणे पार रस्त्यापर्यंत जायचा. ते गेल्यापासून शेजारच्या गोदामाचा माणूस चाचीचा माल पुकारतो. आधी त्याच्या मालकाचा, मग बाकीच्यांचा, शेवटी चाचीचा, तोही उरकल्यासारखा. चाची खुर्चीत बसून ऐकते आणि त्या वेळी कुणाशी बोलत नाही.

घरचा फोन दुपारी यायचा. आमच्या गावात रेंज नाही, बायको पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर जाऊन लावायची. ती घरचं सगळं सांगायची आणि मग फोन मुलीच्या कानाला लावायची. तेव्हा मी बोलायचो नाही. शिट्टी घालायचो. वाडीतली पाखरं हाकलताना घालायचो तीच, एक लांब आणि एक तुटकी. पलीकडे मुलगी आधी हसायची. "बा-बाबा!" म्हणायची. मी पुन्हा शिट्टी घालायचो. मला वाटायचं, छान चाललं आहे. बाप असल्याचं तिला कळतं आहे, आणि लागण्यासारखं काही तिच्या कानात जात नाही.

असे काही महिने गेले.

एक दिवस मी कॅरेटांच्या आडोशाला उभा राहून फोनवर शिट्टी घालत होतो, तर मागून चाचीचा आवाज आला. "कोन हाय रे ती?"

मी दचकलो. चाची खुर्चीतून उठून आली होती, आणि ती सहसा उठत नाही.

"रोज पायतो मी. दुपार झाली की कोपऱ्यात जाते अन् शिट्ट्या मारते. माह्या गोदामात हे नाई चालनार. घरी बायको हाय ना तुले? लेकरू हाय ना?"

मला सांगायचं होतं की तसं काही नाही. पण घसा बंद. मी नुसता ढकलत होतो आणि चेहरा लाल होत होता, आणि तो लाल चेहरा पाहून चाचीची खात्रीच पटली.

"दे इकडं." तिनं फोन हिसकावला. "हॅलो! कोन हाय वं तू? याले घरवाली हाय, मालूम हाय का तुले?"

पलीकडून बायकोचा आवाज मलाही ऐकू आला. "मीच तं हावो ना घरवाली. तुमी कोन?"

चाचीनं माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. "मंग बायकोले कायले शिट्ट्या मारते हा?"

"मले नाई मारत, बाई. पोरीले मारते." आणि मग बायको, जी मला महिन्यांमागून महिने यातलं काही बोलली नव्हती, ती चाचीला, एका परक्या बाईला, सगळं सांगत सुटली. चाचीनं फोनचा स्पीकर लावला, मला हातानं जागीच थांबवलं. बायको सांगत होती, "आता पोरगी बोलतच नाई. आधी अडकत होती, पन बोले तं. आता काई मांगाचं असलं की बोट दाखोते अन् तोंडानं हवा फुंकते. शिट्टी नाई वाजत तिची, नुसती हवा. अंगनवाडीतली ताई मले इचारते, पोट्टी मुकी हाय काय? याइले कसं सांगू मी? हे तिकडं खूश हायेत, शिट्ट्या मारून राहिले."

फोन बंद झाला. मी कॅरेटावर बसलो.

चाची म्हणाली, "अक्कल चरायले गेल्ती काय तुही?" मग माझ्याकडे पाहून आवाज उतरवला. "तुह्यं बोलनं पोरीले लागन, म्हून पळून आला?"

मी मान हलवली.

"कोन सांगतलं, लागते म्हून?"

"स-सगळेच म्हन्तेत."

"लागत असन, लागत नसन. मले नाई मालूम." ती तिथंच पालथ्या कॅरेटावर बसली. "पन मालूम नाई तं कोनाले इचारलं तू?"

कुणालाच नाही. इतक्या वर्षांत मला सगळ्यांनी सांगितलं होतं, पण मी कुणाला काही विचारलं नव्हतं. विचारायला बोलावं लागतं.

"मंग चाल," चाची म्हणाली, "इचारू."

चाचीची मुलगी अमरावतीला दिली आहे. तिच्याकडून कळलं, की तिथल्या सरकारी दवाखान्यात बोलण्याचं पाहणाऱ्या एक मॅडम बसतात. चाचीनं बाहेरगावी नोकरीला असलेल्या मुलाला बोलावून दोन दिवस गोदाम त्याच्या हवाली केलं. बायकोला निरोप गेला, ती मुलीला घेऊन धारणीहून निघाली, आम्ही अकोल्याहून. बसमध्ये चाचीच्या पिशवीतून पिकल्या पेरूचा वास येत होता. तिनं गुपित सांगितल्यासारखं सांगितलं, "पोपटाचा उष्टा हाय. वळखीच्या घरून आनला. मॅडम काई बी सांगो, हे बी करून पाहू."

अमरावतीच्या स्टँडवर मुलीनं मला लांबून पाहिलं. पळत आली नाही. उभी राहिली, ओठांचा चंबू केला आणि फुंकर मारली. नुसती हवा. मी खाली बसलो आणि काय करावं ते न सुचून शिट्टी घातली. तिनं पुन्हा फुंकर मारली. बायकोनं तोंड दुसरीकडे वळवलं. त्या संध्याकाळी चाचीच्या मुलीच्या घरी सगळे बोलत होते, आम्ही बापलेक सोडून.

मॅडमची खोली लहान होती. त्यांनी मुलीला खाली सतरंजीवर बसवलं, समोर भातुकली मांडली, स्वतःही खाली बसल्या. तिचं ऐकणं नीट आहे ना ते तपासलं. आम्ही बाकावर. मी मनात प्रश्न घोळवत होतो, एकही ओठापर्यंत येत नव्हता. पण चाची होती. तिनं पदर खोचला आणि मी जन्मभर जे ऐकलं होतं, जे तिनं बसमध्ये खोदून खोदून माझ्याकडून काढून घेतलं होतं, ते एकामागून एक विचारून टाकलं.

"मॅडम, याच्या आईच्यानं ग्रहण पाळनं नाई झालं. त्याच्यानं होते काय हे?"

"नाही हो."

"भेव बसल्यानं?"

"घाबरलं, दडपण आलं तर अडखळणं वाढतं. पण घाबरल्यामुळे सुरू होत नाही."

"मंग जीभ चिकटली असन. कापा लागन काय?"

मॅडमनी मुलीला जीभ दाखव म्हटलं. मुलीनं ती आनंदानं पार हनुवटीपर्यंत काढली, चाचीकडे वळून तिलाही दाखवली. "बघा," मॅडम म्हणाल्या, "हिला काय कापायचं?"

"मंग आईचं चुकलं असन काई. वळन."

माझी बायको अंग चोरून बसली होती. मॅडम तिच्याकडे पाहून म्हणाल्या, "कुणाचंही चुकलेलं नाही. हुशारीशी संबंध नाही, वळणाशी नाही, लाडाशीही नाही."

चाची माझ्याकडे बोट करून म्हणाली, "अन् हा? माह्यासंगं कॅरेटं मोजते तं एक बार अडत नाई. बोलाले लागला की अडते. ढोंग तं नसन?"

मॅडम हसल्या. "सगळ्यांबरोबर म्हणताना, गाताना, तालात मोजताना बहुतेकांचं अडखळणं कमी होतं. तेव्हा मेंदूला बाहेरून आधार मिळतो. एकट्यानं बोलताना तो नसतो. ढोंग नाही ते."

मला आमची शाळेची प्रार्थना आठवली. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्यावरचा तो ढोंगाचा ठपका पुसला, असं वाटलं.

"मंग होते कशानं?" चाची आता इरेला पेटली होती.

मॅडमनी विचारलं, "तुमच्याकडं ट्रक खाली होतो तेव्हा एकानं द्यायचं आणि दुसऱ्यानं तेव्हाच हात पुढं करायचा, बरोबर? घेणाऱ्याला जरा उशीर झाला तर?"

"देनारा कॅरेट धरून उभा रायते."

"तसंच. शब्द तयार असतो, धरून उभा असतो. मेंदूच्या देण्याघेण्यात वेळ मागंपुढं होते. काहींच्या बाबतीत ते जन्मतःच तसं असतं. बऱ्याचदा घराण्यात असतं, उंची असते, रंग असतो, तसं."

घराण्यात. हा एक शब्द मला लागला. म्हणजे माझ्याकडूनच आलं. मी बाकाची कड धरली. आता हा प्रश्न चाचीला माहीत नव्हता. तो फक्त माझ्याजवळ होता.

"म... म... म..."

चाचीनं माझ्या मदतीला तोंड उघडलं. सवय. मॅडमनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. आणि मग चाचीनं जे केलं ते मी विसरणार नाही. जिला बाजारात कुणी गप्प करू शकत नाही त्या बाईनं पदराचा बोळा स्वतःच्या तोंडावर दाबून धरला, आणि माझ्याकडे पाहत राहिली. जमिनीकडे नाही, माझ्याकडे. मॅडम पाहत होत्या. बायको पाहत होती. कुणाला घाई नव्हती.

"मी... मी ब-बोललो... तं तिले लागन काय?"

किती वेळ लागला, देव जाणे. पण प्रश्न पूर्ण माझा होता, शेवटच्या अक्षरापर्यंत.

मॅडम म्हणाल्या, "ऐकून लागत नाही. नक्कल करूनही लागत नाही. घराण्यातून आलं असेल तर ते ती जन्मली तेव्हाच आलं, तुमच्या आवाजातून नाही. तुम्ही गप्प राहिलात म्हणून ते परत जात नाही. तिनं तुमचं एकच उचललं आहे, गप्प राहणं. ते मात्र सोडवता येईल. बोला तिच्याशी."

"आ-आत्ता?" मी विचारलं.

"आत्ता."

मी सतरंजीवर जाऊन बसलो. मुलगी छोट्या पातेल्यात काहीतरी ढवळत होती. मी म्हणालो, "का-का-काय शिजवून राहिली?"

तिनं हात थांबवला. माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग ओठांचा चंबू केला. मी फुंकरीची वाट पाहत होतो. पण चंबू सुटला. तिनं माझ्या ओठांना बोट लावलं, आणि म्हणाली, "भा-भा-भात."

मागं चाचीला राहवलं नाही. "अन् वरन?"

मुलगी जरा विचार करून म्हणाली, "नाई. नु-नुसता भात."

बायको भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होती, लय वेळ. चाचीनं पिशवीतून पेरू काढला आणि मॅडमसमोर धरला. "आता हे बी सांगून टाका. देऊ का नको?"

"द्या की. पेरू चांगला. पोपटाची बाजू कापून, धुऊन द्या."

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. मुलगी बरी झाली, असं मी लिहिणार नाही. मॅडमनी तसं वचन दिलेलं नाही. बऱ्याच लेकरांचं या वयातलं अडखळणं आपोआप जातं, काहींचं राहतं, आणि घराण्यात असेल तर लक्ष ठेवावं लागतं, असं त्यांनी सांगितलं. बायको तिला घेऊन मधून मधून अमरावतीला जाते. काही दिवस मुलगी झऱ्यासारखी बोलते, काही दिवस पहिल्या अक्षरावरच उभी राहते. जेव्हा उभी राहते तेव्हा मी अजून पुढचं पुढचं मोजायला लागतो, खोटं कशाला सांगू. शाळा येईल, हजेरी येईल, 'हजर'चा 'ह' येईल. मी रात्रंदिवस हाच हिशोब करत असतो. पण आता मला एवढं माहीत आहे, की माझं बोलणं ऐकून तिला ते लागलं नाही, आणि गप्प राहून ते परत घेताही येणार नाही.

आई सुरुवातीला मॅडमचं मानायला तयार नव्हती. "हळू बोल, श्वास घे" असं ती लेकराला दर वेळी म्हणायची. बायकोनं तिला सांगितलं, की मॅडम म्हणतात लेकराला नका सांगू, आपणच जरा हळू बोला आणि तिचं पूर्ण होऊ द्या. परवा आईच फोनवर म्हणाली, "आता मी मधात नाई बोलत. चूल इझू देतो, पन मधात नाई बोलत." मग म्हणाली, "तुह्या टायमाले बी असंच कराले पायजे होतं." मी म्हणालो, तेव्हा कुणाला माहीत होतं. अडखळत म्हणालो. तिनं वाट पाहिली.

मी अजून अकोल्यातच आहे. पोट इथं आहे. पण दुपारी चढावरून फोन येतो तेव्हा मी आडोशाला जात नाही. गोदामाच्या मधोमध उभा राहून बोलतो. कधी ती अडते, कधी मी, कधी दोघंही एकदम अडतो आणि मग तिला हसू येतं. चाची खुर्चीतून ओरडते, "पेरूनं मोकळी झाली पोट्टी, मानत नाई तू!" मी वाद घालत नाही.

चाची, हे तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवेल, कदाचित तुमची नात. तुम्ही माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. पण सकाळी हर्रासीच्या वेळी तुमचा माल शेवटी उरकला जातो, तेव्हा तुम्ही खुर्चीत कशा बसता ते मी पाहतो. ट्रकवर उभा राहून मी आताशा मनातल्या मनात भाव पुकारून पाहतो, आणि कधी कधी कुणी जवळ नसलं तर मोठ्यानंही. अजून जमत नाही. पण एक दिवस मी त्या ओट्यावर चढणार आहे. चाचा चढायचे तसा. सगळ्यात आधी तुमचा माल लावेन, 'बरकत' म्हणून सुरुवात करेन, आणि पुढं अडलो तर अडेन. व्यापारी माझ्या तोंडाकडे पाहत उभे राहतील तर राहू द्या. तुमचा माल तेवढा वेळ लोकांच्या डोळ्यांसमोर राहील. तुम्ही माझ्यासाठी थांबला होतात. त्या दिवशी तुमच्यासाठी अख्ख्या बाजाराला थांबायला लावेन, हा माझा शब्द आहे.